चित्रांचा भार कोणी वाहावा?

मासिकाकडे किंवा प्रकाशकाकडे हस्तलिखित धाडताना लेखकाने त्याबरोबर चित्रेही धाडावीत काय, हा प्रश्न दिसावयास अगदी लहान आहे. तो टपालखर्चाच्या आणि सोयीच्या जातीचा वाटतो, आणि म्हणूनच त्याचा विचार मन लावून फारसा कोणी करीत नाही. परंतु नवीन लेखकांस विचारावे, म्हणजे ह्या लहान प्रश्नापायी किती लेख घरच्या पेटीतच राहतात हे कळून येईल. एखादा शिक्षक आपल्या गावच्या जुन्या बारवेवर वर्षभर खपून निबंध लिहितो. पण 'छापण्याजोगी चित्रे सोबत हवीत' एवढी अट वाचून तो कागद घडी करून परत ठेवून देतो. उलटपक्षी दुसरा कोणी पोकळ मजकुरास आठ सुबक चित्रे जोडतो, आणि चित्रांच्या जोरावर तो मजकूर पार पडतो. पहिल्या ठिकाणी वाचकाचे ज्ञान बुडते, दुसऱ्या ठिकाणी त्याची फसवणूक होते. तेव्हा प्रश्न लहान असला तरी त्याचे फळ लहान नाही.

ह्या बाबतीत दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, ज्याचा विषय त्याचीच चित्रे. विषय ज्याने निवडला त्याने तो दाखवूनही द्यावा. दुसरे मत असे की, लेखकाचे काम लिहिण्याचे. चित्र काढविणे, ठसे करविणे, ती पानावर मांडणे हा सर्व छापणाराचा व्यवहार, त्यात लेखकास ओढू नये. दोन्ही मते आम्हांस अर्धवट वाटतात. कारण दोन्ही पक्ष 'चित्र' ही एकाच जातीची वस्तू आहे असे गृहीत धरून चालतात. ती तशी नाही, हे तर्काने सांगण्यापेक्षा छापील पुस्तकाच्या इतिहासातून दाखविणे अधिक बरे. चित्रांचा भार आजवर कोणी कोणी वाहिला, आणि त्याचा परिणाम काय झाला, हे आता क्रमाने पाहू.

युरोपात छापण्याची कला रुळून अर्धे शतकही लोटले नव्हते तेव्हाची, म्हणजे इ. स. १४९३ ची गोष्ट आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी जगाच्या उत्पत्तीपासून तत्कालापर्यंतचा एक प्रचंड इतिहासग्रंथ निघाला. त्याचा कर्ता हार्टमान शेडेल हा पेशाने वैद्य. भांडवल पुरविणारे गृहस्थ निराळे, मुद्रक आंटोन कोबेर्गर निराळा, आणि चित्रे करणारे मिखाएल वोल्गेमुट व विल्हेल्म प्लायडेनवुर्फ हे चित्रकारही निराळे. ह्या मंडळींत रीतसर करारमदार झाले होते. म्हणजे चित्रांचा सगळा भार लेखकावरून काढून भांडवलवाल्यांनी व चित्रकारांनी उचललेला होता. ग्रंथात एकंदर १८०९ चित्रे आहेत. पण ती छापावयास लाकडी ठसे लागले अवघे ६४५. हे कसे साधले? उत्तर सोपे आहे. एकच ठसा अनेक ठिकाणी वापरला. एका राजाचा चेहरा पुढे दुसऱ्या राजास दिला, आणि एका नगराचे तट व मनोरे काही पानांनंतर दूरच्या दुसऱ्याच नगराचे म्हणून छापले. चित्रकारांच्या डोळ्यांसमोर असलेले न्यूरेंबर्ग मात्र दोन पाने व्यापून हुबेहूब उतरले आहे.

त्या काळच्या वाचकास ह्यात लबाडी वाटली नसेल. येथे एक शहर आहे, येथे एक राजा आहे, एवढी खूण त्यास पुरत असावी. परंतु ह्या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याने मजकूर लिहिला नाही त्याच्यावर चित्रांचा सर्व भार टाकला, म्हणजे चित्र सुंदर होईल, पान भरगच्च होईल, पण ते चित्र त्या वस्तूचेच असेल ह्याची हमी राहत नाही. चित्रकार आपल्या डोळ्यांस दिसेल तेच खरे काढू शकतो. जे दिसले नाही तेथे तो पूर्वीचाच ठसा उचलतो.

हाच प्रश्न पुढील शतकात वनस्पतींच्या ग्रंथांत अधिक तीव्रतेने उभा राहिला. औषधी वनस्पतींची चित्रे जुन्या पोथ्यांवरून नवीन पोथ्यांत, त्यांवरून आणखी नवीन पोथ्यांत अशी नकलेवर नक्कल होत होत इतकी बिघडली होती की, चित्र हाती घेऊन रानात गेलेल्या वैद्यास झाड ओळखता येऊ नये. १५३० साली स्ट्रासबुर्ग येथे ओटो ब्रुनफेल्स ह्याचा वनस्पतिग्रंथ निघू लागला. त्यासाठी हान्स वायडिट्झ ह्या चित्रकाराने प्रत्यक्ष झाडे समोर ठेवून चित्रे काढली. तुटलेले पान आणि कोमेजलेले फूलसुद्धा त्याने जसेच्या तसे उतरविले. येथे चित्रकार लेखकाच्या पुढे गेला! ब्रुनफेल्सचा मजकूर बहुतांशी प्राचीन ग्रंथांवरून घेतलेला. आणि चित्रकाराने रानातून उचलून आणलेली काही झाडे तर त्या प्राचीन ग्रंथांत नव्हतीच. ती ग्रंथात घालणे लेखकास भाग पडले, पण त्यांविषयी सांगावे असे त्याच्याजवळ फारसे काही नव्हते. चित्र खरे, पण त्यास मजकुराचा आधार नाही, अशी ही उलटी अवस्था झाली.

ह्यानंतर बारा वर्षांनी, १५४२ साली, लेओनहार्ट फुक्स ह्याने बाझेल येथे आपला वनस्पतिग्रंथ छापविला, आणि त्यात ह्या दोन्ही दोषांवर उपाय केला. त्याच्या ग्रंथात पाचशेहून अधिक चित्रे आहेत, आणि त्या चित्रांवर लेखकाची नजर पहिल्यापासून शेवटपर्यंत होती. चित्रकाराने छायाप्रकाशाची करामत दाखविण्याच्या नादात झाडाची रेषा झाकू नये, असा त्याचा कटाक्ष होता. आणि तरीही ह्या लेखकाने चित्रकारांस हाताखालचे मजूर लेखले नाही. झाड पाहून चित्र काढणारा, ते चित्र लाकडावर उतरविणारा आणि लाकूड कोरणारा, अशा तिघांचीही चित्रे त्याने ग्रंथाच्या शेवटी त्यांच्या नावांसह छापली. लेखक आणि चित्रकार ह्यांच्या नात्याचा असा गौरव पुढील काळातही क्वचितच पाहावयास मिळतो.

पुढल्याच वर्षी, १५४३ साली, आंद्रेआस वेसालिअस ह्याचा मानवी शरीररचनेवरील ग्रंथ त्याच बाझेल शहरी प्रसिद्ध झाला. वेसालिअस त्या वेळी अवघा अठ्ठावीस वर्षांचा असून इटलीतील पादुआ येथे अध्यापक होता. प्रेत स्वतःच्या हातांनी उकलून जे पाहिले तेच सांगावयाचे, प्राचीन आचार्यांनी काय म्हटले आहे ते नव्हे, अशी त्याची प्रतिज्ञा होती. अशा प्रतिज्ञेस शब्द पुरे पडत नाहीत. स्नायूवर स्नायू कसा बसला आहे हे दहा पाने लिहूनही कळणार नाही. एका चित्राने कळते. म्हणून त्याने आपल्या देखरेखीखाली चित्रे करवून त्यांचे लाकडी ठसे तयार करविले, आणि ते ठसे व्यापाऱ्यांच्या हाती आल्प्स पर्वत ओलांडून बाझेलच्या योहानेस ओपोरिनुस ह्या मुद्रकाकडे धाडले. कोणता ठसा कोठे बसवावा, छपाई कशी ठेवावी, ह्याविषयी त्याने मुद्रकास सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र ग्रंथाच्या आरंभीच छापलेले आहे. पूर्वी १५३८ साली त्याने काढलेल्या शरीरचित्रांच्या इतरांनी वाईट नकला करून विकल्या होत्या, त्याबद्दलचा त्याचा संतापही त्याच पत्रात आहे. पुढे तो स्वतः बाझेलला जाऊन छपाईवर देखरेख करीत राहिला.

लेखकाने चित्रे पुरवावी, असे म्हणणाऱ्यांच्या पक्षाचा वेसालिअस हा शिरोमणी होय. परंतु त्याने हा भार का उचलला हे ध्यानात घेतले पाहिजे. ग्रंथ शोभिवंत व्हावा, एवढाच त्याचा हेतू नव्हता. चित्र हाच त्याचा पुरावा होता. चित्र काढून घेतले तर त्याच्या म्हणण्याचा निम्मा आधार निघून जातो. हे ठसे पुढे चारशे वर्षे टिकले. १९३४ साली त्या मूळ ठशांवरून पुन्हा एकदा चित्रे छापण्यात आली, आणि नंतर दुसऱ्या महायुद्धात म्यूनिक शहरावर झालेल्या बाँबवर्षावात ते नष्ट झाले. ज्या चित्रांना एका तरुण अध्यापकाने पर्वतापलीकडे धाडले ती त्याच्या मजकुराइतकीच दीर्घायुषी ठरली.

आता आपण शास्त्र सोडून ललित वाङ्मयाकडे वळू. कारण तेथे ह्याच प्रश्नाचे स्वरूप पालटते. १८३६ साली लंडनमध्ये रॉबर्ट सीमोर नावाचा एक नामांकित विनोदी चित्रकार होता. शिकारीचा शौक असलेल्या काही हौशी गृहस्थांच्या फजितीची चित्रे दरमहा काढावी, आणि त्यांस जोडावयास कोणाकडून तरी थोडा मजकूर लिहवून घ्यावा, असा बेत ठरला. चॅपमन आणि हॉल ह्या प्रकाशकांनी हा मजकूर लिहिण्याचे काम चोवीस वर्षांच्या एका बातमीदारास सांगितले. तो बातमीदार म्हणजे चार्ल्स डिकन्स. ह्या योजनेत चित्र हे मुख्य आणि लेखन हे त्याचे शेपूट होते. डिकन्सने पहिल्यापासूनच हरकत घेतली. आपणास शिकारीचे ज्ञान नाही, आणि चित्रे मजकुरातून निघावीत, मजकूर चित्रांतून नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. दुसरा अंक निघण्यापूर्वीच सीमोरने दुर्दैवाने आत्महत्या केली. त्याच्या जागी आलेला दुसरा चित्रकार टिकला नाही. नंतर 'फिझ' ह्या टोपणनावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या हॅब्लॉट ब्राउन ह्यास नेमण्यात आले. ती जागा मागावयास आलेल्यांत पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला थॅकरेही होता, हे येथे सांगण्याजोगे आहे. अंकाची रचनाही बदलली: चार चित्रांऐवजी दोन, आणि चोवीस पानांऐवजी बत्तीस. ह्या बदलातून 'पिक्विक पेपर्स' ही कादंबरी जन्मास आली, आणि अखेरच्या अंकांचा खप चाळीस हजारांवर गेला.

डिकन्सने चित्रे स्वतः पुरविली नाहीत. त्यास ती काढता येत नव्हती. पण पुढील कित्येक वर्षे कोणत्या प्रसंगाचे चित्र असावे, त्यात पात्रे कशी उभी असावीत, ह्याच्या सूचना तो चित्रकारास देत राहिला. म्हणजे खर्च आणि हात दुसऱ्याचे, पण दृष्टी लेखकाची, अशी वाटणी झाली. ललित लेखनापुरती ही वाटणी आम्हांस आदर्श वाटते.

ह्याहून वेगळा मार्ग चार्ल्स डॉजसन, म्हणजे लुइस कॅरोल, ह्याने चोखाळला. 'अॅलिस'च्या गोष्टीचे मूळ हस्तलिखित त्याने स्वतःच्या सदतीस चित्रांनी सजवून १८६४ साली त्या छोट्या मुलीस भेट दिले. पुस्तक छापावयाची वेळ आली तेव्हा मात्र आपल्या चित्रांची मर्यादा ओळखून त्याने 'पंच' पत्राच्या जॉन टेनिएल ह्या चित्रकारास गाठले. मॅकमिलन कंपनीशी झालेला व्यवहार असा होता की, छपाईचा आणि चित्रांचा खर्च लेखकाने सोसावयाचा. १८६५ साली दोन हजार प्रती छापून झाल्या, आणि चित्रांची छपाई नीट उतरली नाही म्हणून टेनिएलने नापसंती दर्शविली. लेखकाने ती आवृत्ती मागे घेऊन पुस्तक पुन्हा नव्याने छापविले. एखाद्या गणिताच्या अध्यापकास हे परवडले. परंतु जो लेखक चित्रकाराचे मोल देऊ शकत नाही, आणि दोन हजार प्रती बाजूस सारण्याचे नुकसान सोसू शकत नाही, त्याची 'अॅलिस' हस्तलिखितातच राहिली असती, हेही विसरून चालणार नाही.

बीट्रिक्स पॉटर ह्या बाईंची गोष्टही ह्याच मासल्याची. 'पीटर रॅबिट' ही सशाची गोष्ट त्यांनी स्वतः लिहिली आणि चित्रेही स्वतःच काढली. अनेक प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा १९०१ च्या डिसेंबरात त्यांनी पदरचे पैसे घालून २५० प्रती छापविल्या. त्यानंतर फ्रेडरिक वॉर्न कंपनीने चित्रे रंगीत करण्याच्या अटीवर पुस्तक स्वीकारले आणि १९०२ साली ते प्रसिद्ध केले. येथे लेखक आणि चित्रकार एकच व्यक्ती असल्यामुळे वादच उरत नाही. आमच्या मुंबईस जन्मलेला रड्यार्ड किप्लिंग ह्यानेही त्याच वर्षी 'जस्ट सो स्टोरीज' ह्या पुस्तकास आपल्याच हातची चित्रे जोडली. आणि आदल्या वर्षीच्या 'किम' कादंबरीस त्याचे वडील लॉकवुड किप्लिंग ह्यांनी केलेल्या मातीच्या उठाव-चित्रांची छायाचित्रे लावली होती. हे लॉकवुड १८६५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवावयास आले होते. असे दुहेरी वरदान ज्यास लाभले त्याने ते अवश्य वापरावे. पण अपवादावरून नियम बांधणे अन्यायाचे होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवे साधन हाती आले. तोपर्यंत छायाचित्र थेट पुस्तकाच्या पानावर मजकुराबरोबर छापता येत नसे. कोरक्याने ते पाहून लाकडावर पुन्हा काढावे लागे. १८८० नंतर हाफटोनची, म्हणजे चित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करून ठसा बनविण्याची, युक्ती प्रचारात येऊ लागली. न्यूयॉर्कमधील जेकब रीस हा पोलिस-बातमीदार शहरातील दरिद्री वस्त्यांविषयी लिहीत असे. पण वाचकांस त्याचे वर्णन अतिशयोक्तीचे वाटेल ही धास्ती होती. म्हणून त्याने रात्रीच्या वेळी प्रकाशचूर्ण पेटवून त्या अंधाऱ्या खोल्यांची छायाचित्रे काढली. १८९० साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात काही छायाचित्रे हाफटोनने छापली आहेत आणि काहींवरून रेखाचित्रे करून घातली आहेत. वेसालिअसची प्रतिज्ञाच येथे पुन्हा दिसते: मी सांगतो ते खरे आहे, आणि हा पाहा त्याचा पुरावा.

आपल्या देशात हे साधन आणण्याचे मोठे श्रेय बंगालचे उपेंद्रकिशोर राय चौधुरी ह्यांस आहे. मुलांसाठी लिहिलेल्या रामायणास त्यांनी स्वतः चित्रे काढली होती. पण लाकडी ठशांनी त्या चित्रांची रया घालविली. दुसरा कोणी असता तर नशिबास दोष देऊन स्वस्थ बसला असता. ह्या गृहस्थांनी १८९५ च्या सुमारास विलायतेहून हाफटोनची सामग्री मागविली, त्या विद्येचा गणिती पायावर अभ्यास केला, आणि तिच्यावर लिहिलेले त्यांचे निबंध विलायतेच्या मुद्रणविषयक वार्षिकात छापले गेले. पुढे १९१३ साली त्यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक काढले. बिघडलेल्या चित्राच्या दुःखातून एक संपूर्ण छापखाना उभा राहिल्याचे हे उदाहरण होय.

मराठी नियतकालिकांत मात्र हा भार बव्हंशी संपादक आणि छापखाना ह्यांनीच उचललेला दिसतो. पुण्याचे चित्रशाळेचे चालक प्रथमपासूनच चित्रे छापण्याच्या धंद्यातले; त्यांनी १९१० साली 'चित्रमयजगत्' काढले, तेव्हा चित्र हेच त्या मासिकाचे नाव आणि भांडवल होते. काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १८९५ साली सुरू केलेल्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि सजलेला अंक ही महाराष्ट्रातल्या घरोघरची सणाची वस्तू झाली. शंकरराव किर्लोस्कर हे तर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. १९२० साली सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर'च्या संपादकाच्याच हाती कुंचला होता. दीनानाथ दलाल ह्यांनी १९४५ साली 'दीपावली' काढले, तेव्हा चित्रकारच संपादक झाला. ठसा करविणे ही खर्चाची बाब होती, आणि कथा धाडणाऱ्या गरीब लेखकाकडून तो खर्च मागणे कोणासही शोभले नसते. ह्या उदारपणामुळे ज्यांच्या घरी रंगाची पेटीही नव्हती अशा कित्येकांच्या कथा देखण्या चित्रांसह छापल्या गेल्या. आमच्या वाङ्मयावर हे मोठेच उपकार आहेत.

परंतु ह्या पद्धतीची दुसरी बाजूही आमच्याच इतिहासात दिसून येते, आणि तिच्या आठवणीने कोणाही महाराष्ट्रीयाचे मन चपापल्यावाचून राहणार नाही. शिवछत्रपतींचे म्हणून जे एक चित्र पुस्तकांतून आणि भिंतींवरून दीर्घकाळ मिरवत होते, ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच सरदाराचे होते. कोणी तरी ते एकदा छापले. पुढच्याने मागच्यावरून घेतले. आणि कोणत्या आधारावरून, हे विचारावयाचे कोणास सुचले नाही. न्यूरेंबर्गच्या त्या ठशासारखीच ही अवस्था झाली. फरक एवढाच की, तेथील वाचकास ती केवळ खूण वाटत असावी, येथे मात्र पुस्तकापुढे बसलेली मुले तोच आपल्या राजाचा चेहरा म्हणून मनात साठवीत होती. इतिहाससंशोधक वासुदेव सीताराम बेंद्रे ह्यांनी मूळ साधनांचा माग काढून १९३३ साली महाराजांचे विश्वसनीय चित्र लोकांपुढे ठेवले, तेव्हा हा गोंधळ निवळावयास लागला. हे काम कोणा छापखान्याने केले नाही, चित्रकारानेही केले नाही. ते केले ज्याने कागदपत्रे वाचली होती त्याने, म्हणजे लेखकाने.

ह्या सर्व हकीगतींतून एक सूत्र निघते. चित्रे दोन जातींची असतात. एक चित्र साक्षीचे आणि दुसरे सोबतीचे. नाणे, शिलालेख, ताम्रपट, मूर्ती, झाड, हाड, किल्ल्याचा आराखडा, जुन्या पत्रातील अक्षर, ऐतिहासिक पुरुषाचा चेहरा ही साक्षीची चित्रे होत; ती बदलली तर लेखातील विधान लटके पडते. कथेतील नायिका, कवितेभोवतालची वेल, ललित निबंधाच्या माथ्यावरील देखावा ही सोबतीची चित्रे. ती बदलली तर शोभा कमीअधिक होईल, पण लेखाचे सत्य बदलत नाही. साक्षीचे चित्र लेखकाने आणावे, कारण साक्षीदार कोण हे त्यालाच ठाऊक असते. सोबतीचे चित्र संपादकाने करवावे, कारण पंक्तीची शोभा ही यजमानाची जबाबदारी आहे, पाहुण्याची नव्हे.

ह्यावर कोणी म्हणेल की, साक्षीचे चित्र तरी गरीब लेखकाने कोठून आणावे? आमचे उत्तर असे की, लेखकाने साक्ष आणावी, सौंदर्य नव्हे. बारवेचा शिक्षकाने हाताने काढलेला कच्चा आराखडा, शिलालेखाचा साध्या कागदावर घेतलेला ठसा, मोबाइल फोनवर घेतलेले अंधुक छायाचित्र, एवढ्याने संपादकास विषयाची खात्री पटते. छापण्याजोगे चित्र नंतर करविता येते. चित्र अंधुक म्हणून लेख परत करणे म्हणजे साक्षीदाराचे कपडे मळके म्हणून त्याची जबानी न घेण्यासारखे आहे. चित्रासोबत मात्र एक चिठ्ठी अवश्य असावी: हे चित्र कशाचे, कोठले, कोणी व केव्हा घेतले, आणि ते छापण्याचा अधिकार कोणाचा. आपल्याकडील १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याने चित्रास आणि छायाचित्रास मजकुरापासून निराळे संरक्षण दिले आहे. दुसऱ्याचे चित्र आपल्या लेखास जोडले म्हणून ते आपले होत नाही. ही चिठ्ठी लिहावयास पैसा लागत नाही, आणि तिच्याविना सुंदरातले सुंदर चित्रही अनाथ राहते.

संपादकांचेही एक कर्तव्य आहे. सोबतीचे चित्र त्यांनी करवावे हे खरे. पण छापण्यापूर्वी ते लेखकास एकदा दाखवावे. कथेतली विधवा आजी चित्रात कुंकू लावून बसली, किंवा कोकणातल्या घरावर देशावरचे धाब्याचे छप्पर चढले, तर हसे चित्रकाराचे होत नाही, लेखकाचे होते. डिकन्स आणि फिझ ह्यांच्यात जो विचारविनिमय चालत असे तो टपालाच्या काळात शक्य होता. आज तर चित्र क्षणात एका गावाहून दुसऱ्या गावी जाते. तेव्हा वेळ नव्हता ही सबब आता चालण्याजोगी नाही.

आजच्या काळात ह्या प्रश्नास एक नवे वळण लागले आहे. चित्र मिळणे पूर्वी दुर्मिळ होते. आता ते अति सुलभ झाले आहे. विकत मिळणारी तयार छायाचित्रे आहेत, आणि चार शब्द सांगताच कधी नसलेला देखावा उभा करणारी यंत्रेही आहेत. लेखाबरोबर चित्र हवेच अशी सरसकट अट घातली, तर बिचारा लेखक असले काही तरी उचलून जोडणार, हे ठरलेलेच आहे. मग एकाच पर्वताचे चित्र दहा निबंधांत दहा नावांनी दिसेल, आणि कोणी कधी न पाहिलेला किल्ला इतिहासाच्या पानावर तटबंदीसह उभा राहील. पाचशे वर्षांपूर्वी ६४५ ठशांनी १८०९ जागा भरल्या. आता तर ठसाही कोरावा लागत नाही. सोबतीच्या चित्रात ही कल्पना खेळो, त्यास आमची हरकत नाही. पण साक्षीच्या जागी ती बसली, तर इब्राहिमखानाच्या चित्राची कथा घरोघर पुन्हा घडेल, आणि प्रत्येक वेळी बेंद्र्यांसारखा कोणी धावून येईलच असे नाही.

म्हणून लेखकांस आमचे सांगणे एवढेच की, ज्यांच्या लेखास साक्ष हवी त्यांनी ती जशी असेल तशी, चिठ्ठीसह आणावी. ज्यांच्या लेखास ती नको त्यांनी निःशंकपणे नुसता मजकूर धाडावा, आणि रिकाम्या हाताने आलो अशी खंत बाळगू नये. संपादकांस आमचे सांगणे असे की, अट लिहिताना 'चित्रे हवीत' असे न लिहिता 'पुरावा असल्यास जोडावा' असे लिहावे. दोन शब्दांचा हा फरक आहे. पण पेटीत घडी करून ठेवलेले कित्येक निबंध त्या दोन शब्दांनी बाहेर येतील, आणि वाचकासमोर येणारे चित्र कशाचे आहे हे त्यास निर्धास्तपणे सांगता येईल.